अर्ध्या मिलिमीटरचा वाद

त्वचारोपणाच्या हत्यारांचा इतिहास लिहायचा तर श्रेय कुणाला द्यायचं, हाताला की हत्याराला, यावर माझ्या नणंदेचं आणि माझ्या मुलाचं अजून एकमत झालेलं नाही. ताई महापालिकेच्या एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या आणि जळीत रुग्णांच्या ऑपरेशनांत त्यांची हयात गेली. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, वैद्यकीय उपकरणांचं डिझाइन करतो. एका वैद्यकीय महाविद्यालयाला शस्त्रक्रियेची जुनी हत्यारं काचेच्या कपाटात मांडायची आहेत. त्यांच्याखाली लावायच्या माहितीचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा खर्डा त्यानं आत्याला वाचून दाखवला. पहिलंच वाक्य होतं, 'डर्माटोम आला आणि कातडी काढायला कसबाची गरज उरली नाही.' डर्माटोम म्हणजे रोपणासाठी कातडीचा पातळ थर काढणारं यंत्र. ताईंनी तिथंच थांबवलं. पुढचं बोलणं मी शेजारी बसून टिपून घेतलं, ते इथं देते आहे.

आत्या : हे वाक्य आधी खोड.

भाचा : का? चुकीचं आहे?

आत्या : ग्राफ्ट घेताना तू स्वतः कधी बघितलायस?

भाचा : व्हिडिओ बघितलेत. पण ते बहुतेक पॉवर डर्माटोमचे.

आत्या : मग ऐक. मांडी स्वच्छ केली की तिला लिक्विड पॅराफिन लावायचं, म्हणजे सुरी अडखळत नाही. सुरी म्हणजे हम्बी नाइफ. लांब पातं आणि त्याच्या पुढ्यात एक बारीक रूळ. रूळ आणि पातं यांच्यात जेवढी फट, तेवढी जाड कातडी निघणार. ती फट दोन टोकांच्या स्क्रूंनी ठरवायची. दोन्हीकडे सारखी आहे का, हे बघायला मी सुरी दिव्यासमोर धरायचे. फटीतून उजेडाची रेघ दिसते. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी हवी. एका बाजूला रुंद दिसली तर त्या बाजूनं कातडी जाड येणार. मी बघितलं म्हणून सर तशीच घेत नसत. तेही दिव्यासमोर धरून बघायचे. मग हाऊसमननं मांडीखालून हात घालून मांस वर उचलून धरायचं, म्हणजे वरचा भाग सपाट होतो. लाकडी फळीनं कातडी ताणायची. ती फळी सुरीच्या पुढं पुढं सरकत राहते. सुरी मागंपुढं, मागंपुढं चालवत सावकाश न्यायची. दाबायची नाही. दाबली की रुतलीच.

भाचा : आणि जाडी बरोबर निघाली हे कशावरून कळायचं?

आत्या : रक्तावरून. बारीक आणि दाट ठिपके उठले तर कातडी पातळ निघाली. ठिपके मोठे आणि विरळ असतील तर जाड. पिवळी चरबी दिसली तर चुकलं. तिथंच थांबायचं, तो तुकडा परत जागेवर ठेवायचा आणि शिवून टाकायचा.

भाचा : म्हणजे जाडी कळायची ती कापून झाल्यावर. आत्या, माझं म्हणणं नेमकं हेच आहे.

हा मुद्दा बिनतोड होता. ताईंनीही तो लगेच खोडला नाही. वादाचं मूळ तिथंच आहे, म्हणून वाचकांसाठी थोडं थांबून सांगते. आपली कातडी बहुतेक ठिकाणी एक ते दोन मिलिमीटर जाड असते. रोपणासाठी तिचा वरचा थर काढतात, तो साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटरचा. खालचा थर जागेवर राहतो आणि त्यातल्या केसांच्या मुळांपासून, घामाच्या ग्रंथींपासून नवी कातडी चढते. म्हणूनच मांडीची ती जखम दोन आठवड्यांच्या आसपास आपोआप भरते. थर फार पातळ काढला तर तो भाजलेल्या जागी लवकर धरतो, पण नंतर आकसतो. मानेवर असेल तर हनुवटी छातीकडे ओढली जाते आणि कोपरावर असेल तर हात सरळ होत नाही. जाड काढला तर तो चांगला दिसतो, कमी आकसतो, पण धरायला कठीण जातो आणि जिथून काढला ती जागा भरता भरत नाही. त्याहून खोल गेलं तर रुग्णाला एका जखमेच्या जागी दोन जखमा झाल्या. त्वचारोपणाच्या हत्यारांत दीडशे वर्षांत जे जे बदल झाले, ते बहुतेक या अर्ध्या मिलिमीटरच्या आत काटेकोर राहता यावं यासाठी झाले.

आत्या : तुझ्या खर्ड्यात सुरुवात १८६९ पासून आहे. त्याआधी काही नव्हतं? पुण्याचं काय?

भाचा : पुण्याचं मुद्दाम घेतलं नाही. ते त्वचारोपण नव्हतंच. तो फ्लॅप होता.

आत्या : तरी हत्यारं बघ काय होती. ती तरी लिही.

पुण्याची हकिकत अशी. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा बैलगाडीवान कैद झाला आणि त्याचं नाक आणि एक हात छाटला गेला. पुढं पुण्याजवळच्या एका कारागिरानं त्याला नाक बसवून दिलं. हा कारागीर विटा पाडणाऱ्या समाजातला होता. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ च्या अंकात यावर पत्र छापून आलं. मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर, क्रूसो आणि फिंडले, यांनी ही रीत डोळ्यांनी पाहिली होती. आधी मेणाची पातळ पट्टी नाकाच्या खुंटावर बसवून माप घ्यायचं. ती पट्टी उलगडून कपाळावर ठेवायची आणि तिच्या कडेनं रेघ आखायची. तेवढी कातडी कापून सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक बारीक पट्टा जोडलेला राखायचा, म्हणजे रक्त चालू राहतं. मग ती पिळून खाली वळवायची आणि खुंटाच्या कडांना चीर देऊन त्यात बसवायची. सांधा धरून ठेवायला पाण्यात कालवलेला काथ फडक्याच्या पट्ट्यांवर लावून थरावर थर द्यायचे. चार दिवसांनी ते काढून तुपात भिजवलेली फडकी ठेवायची. पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला तो जोडपट्टा कापायचा. एक धारदार पातं, मेण, काथ, तूप आणि फडकी, एवढ्यावर सगळं होत असे. हे वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक छापलं. कार्प्यूंचं नाव जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. त्या पुणेकर कारागिराचं नाव त्या पत्रात कुणी लिहून ठेवलं नाही, आणि याचं मला मनापासून दुःख होतं.

भाचा : दुःख मलाही आहे. पण तांत्रिक फरक सोडून चालणार नाही. कपाळाची कातडी रक्तपुरवठ्यासकट वळवली की ती जगणारच होती, तिथं जाडीचा प्रश्न येत नाही. अंगापासून पूर्ण सुटा केलेला तुकडा दुसरीकडे जगवायचा, हा वेगळा प्रश्न आहे.

आत्या : सुश्रुतानं गालाची कातडी वळवली, तोही फ्लॅपच, हे मला माहीत आहे. पण त्यानं एकशे एक यंत्रं सांगितली आणि त्यांत हात हेच सगळ्यांत मोठं यंत्र धरलं. ते तू कसं खोडणार?

भाचा : त्याच सुश्रुतानं धारेचं मापही दिलंय. भेदनाच्या शस्त्राची धार मसुराएवढी, लेखनाच्या शस्त्राची अर्ध्या मसुराएवढी, वेध घेणाऱ्याची केसाएवढी आणि छेदनाच्या शस्त्राची अर्ध्या केसाएवढी. धार लावायला गुळगुळीत शिळा आणि धार बसवायला शाल्मलीची, म्हणजे आपल्या सावरीची, फळी. हातावरच भागत असतं तर एवढं मोजून सांगायची गरज काय होती?

आत्या : पण त्यानं शिष्यांना सरावही सांगितला. लेखनाचा सराव कशावर करायचा? केसाळ ताणलेल्या चामड्यावर. म्हणजे धार मोजायची आणि हातही तयार करायचा. दोन्ही आहे की नाही?

या ठिकाणी दोघंही हसले आणि चहा झाला. मला स्वतःला वाटतं, सुश्रुताला साक्षीला बोलावून कोणत्याच बाजूचा निकाल लागत नाही, कारण त्याच्या ग्रंथात शस्त्राचा अध्याय आणि सरावाचा अध्याय शेजारी शेजारी आहेत.

सुट्या कातडीचा प्रयोगही हिंदुस्थानातूनच युरोपच्या कानावर गेला. १८१७ मध्ये द्यूत्रोशे या फ्रेंच शास्त्रज्ञानं आपल्या मेहुण्यानं हिंदुस्थानात पाहिलेली हकिकत छापली. नितंबाची कातडी पायताणानं मारून मारून सुजवली आणि मग तिचा तुकडा कापून नाकावर बसवला, अशी ती. १८२३ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला ब्युंगर यांनी एका बाईच्या नाकासाठी मांडीची कातडी घेतली, तीही आधी चामड्याच्या पट्ट्यानं झोडपून. त्या काळी कातडीत रक्त खेळवायचं साधन हेच होतं. त्यानं खरंच उपयोग झाला का, हा प्रश्न बाजूला ठेवू. सुटा तुकडा जगला, हे महत्त्वाचं.

भाचा : आता माझ्या १८६९ वर येऊ दे. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेव्हर्दँ नावाचा तरुण स्विस डॉक्टर होता. सुईच्या टोकानं कातडी किंचित उचलायची आणि लॅन्सेटनं वरचा दाण्याएवढा तुकडा कापायचा, असे कण त्यानं भरत नसलेल्या जखमेवर पेरले. त्या बेटांपासून कातडी पसरायला लागली. पुढच्याच वर्षी लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात पोलॉक यांनी ते करून पाहिलं. पण या रीतीनं मोठी जखम झाकायची म्हणजे असे किती कण लागणार! शिवाय प्रत्येक कण मध्ये जाड, कडेला पातळ. जिथून घेतला तिथं खळगा पडायचा.

आत्या : ते पिंच ग्राफ्ट. आम्हीही केलेत, पायाच्या जुन्या व्रणांवर. वॉर्डातच व्हायचे.

भाचा : मग ल्यॉनचे ओलिए यांनी १८७२ मध्ये मोठे तुकडे वापरले आणि लाइपझिगचे थिएर्श यांनी वस्तऱ्यानं सलग पातळ पापुद्रे काढायची पद्धत बसवली. ग्लासगोच्या वुल्फ यांनी १८७५ मध्ये पापणीसाठी पूर्ण जाडीची कातडी घेतली, पण ती छोट्या जागेपुरती. मोठ्या जखमेला वस्तराच चालला, तो जवळजवळ पन्नास वर्षं. आणि वस्तऱ्याला ना रूळ, ना माप. थिएर्श यांच्या हातातून जे निघायचं ते त्यांच्या शिकाऊ डॉक्टरच्या हातातून निघत नसणार. तूच सांग, ही न्यायाची गोष्ट आहे का? रुग्ण कुणाच्या टेबलावर आला यावर त्याची दुसरी जखम किती खोल होणार ते ठरायचं.

आत्या : दुसऱ्या जखमेचं म्हणतोस ते मात्र खरं. पेशंट भाजलेल्या जागेपेक्षा मांडीचंच जास्त सांगतात. वरचा थर गेला, पण खालच्या सगळ्या नसा जाग्या. ड्रेसिंग चिकटलेलं. ते ओढून काढायचं नसतं, सुटेल तसं कडेनं कापत जायचं. नवीन मुली घाई करायच्या, त्यांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे.

देणाऱ्याच्या बाजूनं हे दुखणं लिहून ठेवणारा एक प्रसिद्ध माणूस म्हणजे विन्स्टन चर्चिल. १८९८ च्या सुदानच्या लढाईनंतर जखमी सहकाऱ्यासाठी त्यानं आपल्या हाताची कातडी दिली. डॉक्टरनं वस्तरा मागंपुढं फिरवत ती काढली, भूल न देता, आणि चर्चिलनं आपल्या आत्मचरित्रात ती वेदना विसरण्यासारखी नव्हती असं नोंदवलं. दुसऱ्याची कातडी अंगात टिकत नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. ते नीट समजलं १९४३ मध्ये, ग्लासगोचे सर्जन गिब्सन आणि प्राणिशास्त्रज्ञ मेडावर यांच्या कामातून. भाजलेल्या एका बाईला त्यांनी तिच्या भावाची कातडी लावली. पहिली खेप गळून पडली आणि दुसरी खेप त्याहून लवकर. शरीर परक्या कातडीला ओळखतं आणि लक्षात ठेवतं, हे त्यातून दिसलं. मेडावर यांना १९६० चं नोबेल मिळालं, आणि आजच्या सगळ्या अवयवरोपणाच्या विज्ञानाची ही एक पायरी.

आत्या : आणि त्यांनी भावाची कातडी कशानं काढली? पिंच ग्राफ्टनंच ना? तुझा डर्माटोम तर आलेला होता तेव्हा.

भाचा : हो, पिंच ग्राफ्टच होते. मानलं.

आत्या : आता माझ्या सुरीचं सांग.

भाचा : १९२९ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या ब्लेअर आणि ब्राऊन यांनी दाखवून दिलं की पातळ पापुद्रा आणि पूर्ण जाडी यांच्या मधली जाडी घेतली तर मोठी जखमही चांगली झाकते आणि मांडीही भरते. ब्लेअर यांनी त्यासाठी लांब पात्याची खास सुरी वापरली. पण ती मधली जाडी राखणं हाताच्या अंदाजावरच होतं. १९३४ मध्ये लंडनच्या ग्रॅहम हम्बी यांनी पात्यापुढं रूळ बसवला. पुढं १९४९ मध्ये ब्रिस्टलच्या बोडनहॅम यांनी बदलता येणारं पातं आणलं. माझ्या मते तो बदल रुळाएवढाच मोठा. आधी दर ऑपरेशनानंतर पात्याला धार लावायला लागायची आणि धारेवर सगळं अवलंबून.

आत्या : बघ, तूच म्हणालास. हम्बीला रूळ आहे, माप आहे, नवं पातं आहे. मग आणखी काय हवं होतं? ती सुरी सरकारी रुग्णालयांत आजही चालते. वीज नको, सिलिंडर नको, सगळी ऑटोक्लेव्हमध्ये जाते. तालुक्याच्या ठिकाणी ती एका डब्यात बसते. लहान जागेसाठी दाढीचं ब्लेड बसणारी सिल्व्हर नाइफ आहे. डर्माटोमचं काय? आमच्याकडे एकदा इलेक्ट्रिकचा आला. मोटर बिघडली, दुरुस्ती करणारा यायला महिने लागले, आणि सिंगल-यूज ब्लेडं संपली तर खरेदीची फाइल फिरत राहायची. तो कपाटात पडून. सर म्हणायचे, सिस्टर, आपली हम्बी काढा.

भाचा : ते खरेदी विभागाचं अपयश आहे. हत्याराचं नाही.

आत्या : पेशंटला काय फरक पडतो अपयश कुणाचं ते?

भाचा : पडतो, कारण दुरुस्ती कुठं करायची ते त्यावरून ठरतं. आता माझं शेवटपर्यंत ऐक. हम्बी मांडीवर चालते, कारण मांडी लांब आणि सपाट. पण ज्याची मांडीच भाजली आहे त्याचं काय? छाती, पोट, पाठ. तिथं बरगड्या, खळगे, हाडं. सुरी उचकते. कॅन्सस सिटीचे सर्जन अर्ल पॅजेट याच अडचणीत होते. त्यांनी कॅन्सस विद्यापीठातल्या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाला, जॉर्ज हूडना, गाठलं. दोघांनी मिळून जो डर्माटोम बनवला, त्याची माहिती १९३९ मध्ये छापून आली. अर्धगोल ड्रम, साधारण १० बाय २० सेंटिमीटरचा. त्याच्या आसावर फिरणारं पातं. ड्रम आणि पातं यांच्यातलं अंतर इंचाच्या हजाराव्या भागात लावता यायचं. कातडीवरचं तेल काढून तिला रबराचा गोंद लावायचा, ड्रमलाही लावायचा. दोन्ही सुकत आले की ड्रम टेकवायचा आणि किंचित उचलायचा. कातडी चिकटून वर येते आणि पातं तिच्या मुळाशी मागंपुढं फिरतं. खाली हाड आहे की मांस, त्याचा प्रश्नच राहिला नाही. कातडीला हत्याराजवळ आणलं, आत्या! सुरीला कातडीमागे धावायला लागलं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करी रुग्णालयांनी तो वापरला. तिथं प्लास्टिक सर्जरी न शिकलेले डॉक्टरही ग्राफ्ट घेत होते.

पॅजेट आणि हूड यांच्या ड्रमबद्दल तो बोलत असताना त्याचे हात हवेत ड्रम फिरवत होते. मला त्याचं म्हणणं पटत गेलं. एका सर्जनला हात होता पण यंत्राची भाषा नव्हती, एका प्राध्यापकाला यंत्राची भाषा होती पण रुग्ण नव्हता, आणि दोघांना एकमेकांचं ऐकून घ्यावंसं वाटलं, यातच मोठी गोष्ट आहे.

भाचा : आणि हॅरी ब्राऊन. हा अमेरिकन डॉक्टर जपान्यांच्या कैदेत होता. विजेवर चालणाऱ्या डर्माटोमची कल्पना त्याला तिथं सुचली. सुटून आल्यावर १९४८ मध्ये त्यानं ते यंत्र पुढं आणलं. पातं मोटरवर झरझर हलतं, सर्जननं फक्त पुढं न्यायचं. आज बॅटरीवर किंवा हवेच्या दाबावर चालणारे डर्माटोम सगळे त्याच घराण्यातले.

आत्या : फक्त पुढं न्यायचं, हे तू कागदावर लिहू नकोस. टेकवायचा कोन चुकला, जास्त दाबलं, तर तोही चरबीपर्यंत जातो. झरझर हलतो म्हणून झरझर जातो. आणि पातं बसवणारी बाई गार्ड लावायला चुकली तर? डर्माटोम लावताना मी प्रत्येक वेळी मोठ्यानं बोलून दाखवायचे, पातं बसलं, गार्ड लागला, माप शून्य दशांश तीन. सर ते परत म्हणायचे.

भाचा : हे कुठं लिहिलेलं होतं?

आत्या : कुठंच नाही. आमच्या मोठ्या सिस्टरनं शिकवलं, मी पुढच्या मुलींना शिकवलं.

इथं मुलानं खर्ड्याच्या कडेला काहीतरी लिहून घेतलं.

आत्या : एका गोष्टीत मात्र मी तुझ्या बाजूची. मेशर.

मेशर म्हणजे ग्राफ्टला जाळी पाडणारं यंत्र. १९६४ मध्ये टॅनर, व्हॅन्डेपुट आणि ऑली या तिघांनी ते मांडलं. काढलेली कातडी खाचांच्या पट्टीवर पसरून रुळाखालून ओढली की तिच्यात ठरावीक अंतरानं बारीक चिरा पडतात आणि ती ताणता येते. दीडपट, तिप्पट, त्याहूनही जास्त. खालून झिरपणारं रक्त आणि पाणी चिरांतून बाहेर येतं, त्यामुळं कातडी उचलली जात नाही. जाळीची भोकं कडेकडेनं भरत येतात.

आत्या : ज्याचं निम्मं अंग भाजलंय त्याच्याकडे कातडी असते किती? लहान मुलांकडे तर आणखी कमी. तिथं हातानं कितीही कसब दाखवलं तरी कातडी वाढत नाही. जाळी आल्यावर जी मुलं जगली, ती त्या यंत्रामुळं जगली. हे मी कुणापुढंही सांगेन. पण चेहऱ्यावर आणि हातावर जाळी लावायची नाही, तिथं खूण कायमची राहते. तिथं सलगच लावायची.

भाचा : मग तुझा निकाल काय? हात की हत्यार?

आत्या : मला निकाल द्यायचाच नाही. तू 'गरज उरली नाही' म्हणालास, ते मला लागलं. माझ्या हाताखालून गेलेल्या इतक्या माणसांची गरज उरली नाही, असं होतं ते वाक्य.

भाचा : तसं म्हणायचं नव्हतं. मला म्हणायचं होतं की चांगला हात नशिबात नसलेल्या पेशंटलाही चांगला ग्राफ्ट मिळावा. हत्याराचं काम तेवढंच.

आत्या : मग तसं लिही ना!

त्यानंतर थोडं बोलणं त्वचापेढीकडे वळलं. मुंबईच्या शीव रुग्णालयात २००० मध्ये मृत व्यक्तीची कातडी साठवणारी देशातली पहिली पेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही अशी पेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पथक घरी किंवा रुग्णालयात येतं आणि डर्माटोमनं मांडी, पाय, पाठ यांवरचा पातळ थर काढतं. रक्तगट जुळवावा लागत नाही, कारण ही कातडी कायमची राहणार नसते. गिब्सन आणि मेडावर यांनी दाखवलं तेच घडतं, काही आठवड्यांत ती गळते. पण तेवढ्या आठवड्यांत जखम झाकलेली राहते, अंगातलं पाणी वाहून जात नाही, जंतुसंसर्ग टळतो आणि रुग्णाची स्वतःची कातडी पुन्हा घेता येईल इतका वेळ मिळतो. नातेवाइकांना भीती असते की शरीर विद्रूप होईल. ताईंचं त्यावर एकच उत्तर असतं, की थर इतका पातळ असतो की कपडे घातल्यावर काही कळतही नाही. या एका ठिकाणी मात्र ताई डर्माटोमला हम्बीच्या वर ठेवतात. घरातल्या पलंगावर, रडणाऱ्या माणसांच्या शेजारच्या खोलीत, लवकर आणि नीटनेटकं काम व्हायला हवं, आणि ते यंत्रानं होतं.

मुलानं खर्डा बदलला आहे. आता सुरुवात पुण्याच्या कारागिरापासून होते, 'हे त्वचारोपण नव्हे, पण इथून पुढचा रस्ता दिसतो' असं स्पष्ट सांगून. डर्माटोमच्या वाक्याच्या जागी आता असं आहे : 'कातडीची जाडी कापून झाल्यावर कळायची, ती कापण्याआधी ठरवता यावी म्हणून ही हत्यारं बनली.' हम्बीखाली त्यानं दिव्यासमोर धरून फट बघण्याची रीत लिहिली आहे आणि डर्माटोमखाली मोठ्यानं माप बोलण्याची. माझा स्वतःचा कौल विचाराल तर दोन्ही हत्यारं प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हवीत, आणि निवासी डॉक्टरांना हम्बी आधी शिकवावी, डर्माटोम नंतर. जो ठिपक्यांवरून जाडी ओळखायला शिकला आहे, त्याला यंत्र चुकत असताना कळेल.

कपाटासाठी सुरी मिळाली, ड्रम मिळाला. लाकडी फळ्या मात्र मिळाल्या नाहीत. त्यांची किंमत नगण्य, त्यामुळं जडसंग्रह नोंदवहीत त्या चढलेल्याच नव्हत्या, आणि नोंद नाही म्हणून जुनं सामान काढताना त्या सगळ्यांत आधी फेकल्या गेल्या. तेव्हा हे वाचणारं कुणी रुग्णालयाच्या भांडारात काम करत असेल, निर्लेखन समितीवर असेल किंवा एखाद्या निवृत्त सर्जनच्या घरचं असेल, तर त्यांना विनंती आहे. जुनी सुरी, रूळ, फळ्या, ड्रम, मेशरच्या पट्ट्या भंगारात काढण्याआधी त्यांचे फोटो घ्या. पात्यावरचा बनावटीचा शिक्का आणि खरेदीचं वर्ष लिहून ठेवा. आणि ती हत्यारं ज्या सिस्टरनं किंवा वॉर्डबॉयनं वर्षानुवर्षं लावली, त्यांना बोलावून ती कशी लावायची ते त्यांच्या नावानिशी लिहून घ्या.